सुती शर्ट लवकर का विरतो, आणि आपले पैसे जातात कुठे

तुम्ही निपाणीहून विचारलंय ते थोडक्यात असं. वडिलांचे सुती शर्ट आठ-आठ वर्षं चालायचे, आणि तुम्ही हजार-हजार रुपये मोजून घेतलेले दोन ‘शंभर टक्के कॉटन’ शर्ट वर्षाच्या आत कोपरावर फाटले. कापूस बिघडला, की दुकानदार फसवतोय, की आपल्या भागात चांगलं सुती कापडच मिळेनासं झालंय? आणि त्या दोन फाटक्या शर्टांचं आता काय करायचं?

मी बेळगावच्या शहापुरात छत्तीस वर्षं शर्ट-पँट शिवतोय. त्याआधी वडगावला आमच्या घरी माग होते. शाळा सुटली की कांड्या, म्हणजे बाण्याच्या धाग्याची छोटी रिळं, भरायला बसायचं, त्यामुळे कापड हातात आलं की आधी सूत बघायची सवय आहे. त्या सवयीतून जे कळलं ते सांगतो.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. शर्ट टिकत का नाही, हा एक. महाग का झाला, हा दुसरा. आपण धरून चालतो की जास्त पैसे दिले म्हणजे जास्त चांगलं कापड आलं. माझ्या अनुभवात गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे नातंच तुटलंय. किंमत वाढली ती बहुतेक कापडाबाहेरच्या गोष्टींनी, आणि दर्जा उतरला तो कापडाच्या आत, जिथे आपली नजर जात नाही.

पण आधी वडिलांच्या शर्टाबद्दल. तीनेक वर्षांपूर्वी अनगोळच्या एक मावशी नवऱ्याचा जुना शर्ट घेऊन आल्या. म्हणाल्या, “बघा, वीस वर्षं झाली, कॉटनचा आहे, काही झालेलं नाही. खरं आता असं कापडच मिळंना. ह्याच्यासारखंच बघून द्या.” मी आतल्या शिलाईपाशी कापडाचा बोटभर धागा ओढला आणि काडी लावली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि उरते ती बोटात चुरडणारी राखाडी राख. मणी झाला म्हणजे त्यात पॉलिएस्टर आहे. मावशींचा शर्ट टेरिकॉटचा, म्हणजे सूत-पॉलिएस्टर मिश्रणाचा होता. त्या काळात घरोघरी टेरिकॉट होतं आणि ते खरोखर टिकायचं, म्हणून आज कपाटात शिल्लक आहे ते बहुतेक तेच. खरे सुती होते त्यातले पुष्कळ कधीच पोतेऱ्यात गेले. तेव्हा वडिलांचा एखादा शर्ट ठेवलेला असेल तर आधी त्याचा एक धागा जाळून बघा. टेरिकॉट निघालं तर तुमच्या आजच्या शर्टाशी त्याची तुलना करता येणार नाही.

तरीही तुमची तक्रार खरी आहे, आणि ती माझ्या कामात मला रोज दिसते. मी धंद्यात नवीन होतो तेव्हा महिन्याला दहा-बारा गिऱ्हाइकं कॉलर पालटून घ्यायला यायची. मानेपाशी घासून कॉलर आधी विरायची, पण शर्टाचं अंग धडधाकट असायचं. कॉलर उसवायची, विरलेली बाजू खाली घालून परत बसवायची, की शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालायचा. आज हे काम जवळजवळ बंद पडलंय. लोक आळशी झाले म्हणून नाही. आता कॉलर शाबूत असते आणि अंग आधी जातं, कोपरावर, पाठीवर खांद्याच्या जोडाखाली, खिशाच्या कोपऱ्यात. कॉलरीत घट्ट बकरम चिकटवलेलं असतं म्हणून ती टिकते. बाकीचं कापड त्याच्या आधी हात टेकतं.

का, ते तुमच्याच फाटक्या शर्टावर बघता येईल. फाटलेल्या कडेचा एक धागा काढा आणि त्याचा पीळ उलटा सोडवत जा. धागा सुटला की दोन्ही टोकं हळूच ओढा, आतले तंतू वेगळे होतील. चांगल्या सुताचे तंतू अंगठ्याच्या पेराएवढे, म्हणजे तीनेक सेंटिमीटर लांब असतात. हलक्या सुतात ते नखाएवढेच निघतात आणि बऱ्याच ठिकाणी धागा पीळ सोडवण्याआधीच तुटतो. सूत म्हणजे शेवटी एकमेकांना धरून राहिलेले तंतू. तंतू लांब असले की पकड जास्त, आखूड असले की घासल्यावर एकेक टोक बाहेर येतं, त्याचे गोळे होतात, आणि रोज थोडं सूत झडत जातं. तुम्ही गोळे आल्याचं लिहिलंय, तेही याच कारणाने.

चांगल्या गिरणीत कताईच्या आधी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकतात. त्यात शंभरातला दहा-पंधरा किलो माल बाजूला जातो, म्हणून ते सूत महाग. न विंचरलेलं सूत स्वस्त, आणि वाया गेलेल्या तंतूंतून काढलेलं त्याहून स्वस्त. तिघांवरही ‘शंभर टक्के कॉटन’ लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. त्या शिक्क्याने एवढंच कळतं की त्यात पॉलिएस्टर नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. आखूड तंतू म्हणजे वाईटच असं नाही. आपल्या शेजारी धारवाड भागात पिकणारा जयधर हा देशी कापूस आखूड तंतूचाच. त्याचं जाड सूत काढलं तर कापड वर्षानुवर्षं चालतं. धारवाड-हुबळीकडच्या गरग आणि बेंगेरी इथल्या खादी केंद्रांनी तिरंग्याचं कापड अशाच सुतातून घडवलं. दुसरीकडे त्याच धारवाडला १९८१ साली डीसीएच-३२ हे लांब तंतूचं संकरित वाण निघालं, ते बारीक सुतासाठी. बैलहोंगलच्या पेठेत कन्नडात ‘हत्ती’ म्हणतात तो सगळा कापूस एक नव्हे, कुठला कापूस कुठल्या सुताला हे जुन्या लोकांना पाठ होतं. घोटाळा होतो तो आखूड तंतूंचं बारीक सूत ओढल्यावर. आणि आज गिऱ्हाइकाला हवं असतं मऊ, पातळ, हलकं कापड. ते बारीक सुताशिवाय होत नाही.

सुताचा नंबर ही गोष्ट एकदा समजून घ्या, पुढे दुकानात उपयोगी पडेल. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो सुताचा नंबर. चाळीस लडी बसल्या तर चाळीसचं सूत. नंबर वाढेल तसं सूत बारीक. मग एका इंचात ताण्याचे, म्हणजे उभे, किती धागे आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, किती, यावर कापडाचा कस ठरतो. इचलकरंजीकडचं नेहमीचं पोपलीन घ्या, दोन्हीकडे चाळीसचं सूत, इंचात ताण्याचे १३२ आणि बाण्याचे ७२ धागे. आता माझ्याकडे येतं त्यातल्या बऱ्याच ताग्यांवर मी भिंग ठेवून मोजतो तेव्हा बाणा साठ-चौसष्टच भरतो. ताणा कमी करायचा तर नवीन बीम, नवीन फणी, म्हणजे मागाची मांडणीच बदलायची. बाणा कमी करायला मागावर एक चाक बदललं की झालं. एका इंचात दहा धागे कमी विणले की तेवढ्याच वेळात जास्त कापड निघतं आणि सूतही वाचतं. नजरेला काही कळत नाही. कोपर दुमडला की कळतं.

ही कमतरता झाकते ती फिनिशिंगमध्ये. खळ भरून कापड वजनदार करता येतं, सिलिकॉन लावून लोण्यासारखं मऊ करता येतं. दुकानात हात फिरवून जो मऊपणा कळतो तो पुष्कळदा सुताचा नसतोच, तीन धुण्यांत निघून जातो. एन्झाइमने धुतलेलं कापड गुळगुळीत होतं कारण वरचे तंतू खाल्ले जातात, आणि प्रमाणाबाहेर गेलं की सूतही खाल्लं जातं. आणि ज्याला ‘नो आयर्न’ किंवा ‘रिंकल फ्री’ म्हणतात, त्या सुती कापडावर राळेची प्रक्रिया असते. तंतूंच्या आतले रेणू एकमेकांना बांधले जातात म्हणून चुण्या पडत नाहीत, पण तंतूंची लवचिकता जाते. कापडाची तिसरा हिस्सा ताकद त्यात जाऊ शकते, कधी निम्मीसुद्धा. ऑफिसात इस्त्रीचा त्रास नको म्हणून घेतलेत तर घ्या, पण तो शर्ट दुमडीवर लवकर चिरणार हे धरून घ्या.

आता किमतीकडे. हे गणित मी दर दोन-तीन वर्षांनी कागदावर मांडतो, कारण गिऱ्हाइकं विचारतात. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, १.६० मीटर कापड लागतं. मध्यम वजनाच्या शर्टिंगचं ते पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम भरतं. गिरणीतली घट धरून साडेतीनशे ग्रॅम रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, समजा. रुईची खंडी ३५६ किलोची. खंडीला ५५-६० हजार रुपये भाव धरला तर किलोला १५५ ते १७०. म्हणजे तुमच्या हजाराच्या शर्टात कापूस आहे पंचावन्न-साठ रुपयांचा. मे २०२२ मध्ये खंडी लाखावर गेली होती, तेव्हाही तो शंभरच्या आसपासच होता. शर्टाची किंमत कापसामुळे दुप्पट झाली, असं कोणी सांगितलं तर हे गणित पुढे ठेवा.

पण त्या वर्षाचा घाव वेगळ्या जागी बसला. सूत महागल्यावर यंत्रमागवाल्यांना भाव वाढवून मिळेना, तेव्हा अनेकांनी बाणा कमी केला, हलकं सूत घेतलं, पॉलिएस्टरकडे वळले. पुढे खंडी खाली आली. कापडातले धागे परत आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. माझे स्वतःचे चुलते मागावर होते, दिवसाला किती मीटर निघालं यावर घर चालायचं. ज्याला मीटरवर मजुरी मिळते त्याला इंचात बारा धागे जास्त घालायला सांगणारा कोणीतरी त्याचे पैसे देणारा हवा.

मग उरलेले नऊशे-साडेनऊशे कुठे गेले? कताई, विणाई, रंगाई, शिलाई, आणि बाकी वाहतूक, दुकानाचं भाडं, जाहिरात, न खपलेल्या मालाचं नुकसान, आणि ‘पन्नास टक्के सूट’ देता यावी म्हणून आधीच चढवलेली छापील किंमत. कराचा वाटा लोक समजतात तेवढा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्केच जीएसटी आहे, त्याआधी हजाराच्या वर बारा होता.

वाहतुकीवरून आपल्या भागाचं सांगतो. तुम्ही विचारलंत की इथे माग असून कापड का नाही. शहापूर, वडगाव, खासबागचे माग बहुतेक साड्यांचे, आणि त्यातही आता सूत कमी, कृत्रिम धागा जास्त. शर्टिंग-पोपलीन तुमच्याजवळ इचलकरंजीला विणतात, पण मागावरून उतरतं ते कोरं कापड. त्यातलं बरंच धुलाई-रंगाईला बालोत्रा, पाली, अहमदाबादकडे जातं आणि तिथून व्यापाऱ्यांमार्फत परत आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीत येतं. निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर विणलेलं कापड राजस्थान बघून तुमच्या अंगावर येतं.

आता करायचं काय. हे तुमच्या कामावर, पाण्यावर आणि कोणत्या ऋतूत जास्त वापरता यावर ठरेल, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर मी देत नाही.

रोज खुर्चीवर बसून टेबलाला कोपर टेकणारं काम असेल तर कापड घेऊन शिवून घ्या. मी शिंपी आहे म्हणून म्हणतोय असं वाटेल, म्हणून हिशोब देतो. ठीक सुती शर्टिंग तीनशे रुपये मीटरने घेतलं तर कापडाचे ४८०, माझी शिलाई ४००. नऊशेच्या आत शर्ट होतो, तुमच्या तयार शर्टापेक्षा कमी. फायदा असा की कापड शिवायच्या आधी तपासता येतं, आणि शिलाईत माया, म्हणजे टिपेच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवता येते. तयार शर्टात माया इतकी कमी असते की एकदा उसवला तर परत टीप घालायला कापडच नसतं. त्यात पुष्कळदा इंचात आठ-नऊच टाके असतात, मी तेरा-चौदा घालतो.

तपासायचं कसं? कापड उजेडासमोर धरा. सारखी जाळी दिसली तर ठीक, मध्येच जाड-बारीक पट्टे दिसले तर सूत हलकं. मग कापडाचा कोपरा दोन्ही मुठीत धरून जोराने चोळा. पांढरी भुकटी पडली तर ती खळ. दोन्ही अंगठे एकमेकांशेजारी ठेवून कापड आडवं ताणा, धागे सरकून फट राहिली तर बाणा कमी आहे, ते कापड शिलाईवर सुटणार. ताग्याच्या किनारीवर काय छापलंय ते वाचा, सूत की मिश्रण हे कापडावर छापणं बंधनकारक आहे. आणि दुकानदाराला सरळ विचारा, किती नंबरचं सूत, डबल आहे का. ज्याला उत्तर येतं त्याच्याकडून घ्या.

‘डबल’ म्हणजे काय ते घरातल्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ब्लाउजचं ‘टू बाय टू’ कापड म्हणतात ते हेच. ताणाही दोन धाग्यांना एकत्र पीळ देऊन, बाणाही तसाच. एक धागा घासला तरी दुसरा धरून ठेवतो. म्हणून रुबियाचं पातळ ब्लाउज वर्षानुवर्षं टिकायचं. आता त्याच नावाखाली एकेरी बाण्याचं कापड सर्रास विकतात, आणि पॉलिएस्टर मिसळलेलंही. धागा काढून पीळ उलटा सोडवा, दोन वेगळे धागे झाले तरच ते टू बाय टू. शर्टिंगमध्ये दोन्हीकडे डबल सुताचं कापड मिळालं तर मीटरला शंभर रुपये जास्त द्या. सध्या जास्त पैसे देऊन टिकाऊपणा हमखास मिळतो अशी मला दिसणारी ही एकच जागा आहे.

शेतात किंवा वर्कशॉपात वापरायचं असेल तर बारीक शर्टिंगच्या नादी लागू नका. वीसचं जाड सूत घ्या, नाहीतर खादी. हुदली बेळगाव तालुक्यात आहे, १९३७ साली गांधीजी तिथे येऊन राहिले होते, आणि खादीचं काम अजून चालू आहे. खादी पहिल्या धुण्यात आटते, रंग थोडा जातो, इस्त्रीला वेळ लागतो, हे आधीच सांगतो. पण दहाव्या धुण्यानंतर ती जशी अंगाला बसते तसं दुसरं काही बसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून पॉलिएस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली तेव्हापासून या भागातल्या कातणाऱ्या-विणणाऱ्या बायकांच्या कामावर सावट आहे. त्यांचं कापड आपण अंगावर घातलं तर मला ते फार मोलाचं वाटतं.

पावसाळ्याचं मात्र वेगळं. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडे सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. ओला राहिला की काळे ठिपके पडतात आणि तिथे सूत कुजतं. या चार महिन्यांसाठी एक-दोन मिश्रणाचे शर्ट ठेवले तर सुती शर्टांचंच आयुष्य वाढतं.

धुण्याबद्दल थोडक्यात. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर जास्त टाकू नका, ती कापडातच बसते आणि घासते. सुती शर्ट उलटा करून, बटणं लावून मशीनमध्ये टाका, ब्लीच अजिबात नको, आणि सावलीत वाळवा. नवीन कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. आटायचं ते आटतं, खळ निघते, आणि तेव्हा कळतं आपण खरं काय विकत घेतलं. न आवडलं तर निदान शिलाईचे चारशे वाचतात.

राहिले तुमचे फाटलेले दोन शर्ट. आधी फाटलेल्या जागेपासून चार बोटं दूर कापड उजेडात धरा आणि दोन्ही हातांनी हलकं ताणा. तिथेही जाळी पडली असेल तर रफूला पैसे घालू नका, विरलेल्या कापडावर टाका धरत नाही, सुईच्या भोकापासून पुन्हा फाटतं. पाठ आणि खांदे घट्ट असतील तर बाह्या कोपराच्या वर कापून हाफ शर्ट करून घ्या, पन्नास-साठ रुपयांचं काम आहे. कापलेल्या बाह्यांचा कफाजवळचा भाग सहसा नवाच असतो, तो टाकू देऊ नका. शिंप्याला सांगून आतून खांद्याच्या जोडाखाली त्याची पट्टी लावून घ्या, कारण आता पुढची फाट तिथेच यायची आहे.